दोन अधिक

बिटकोकडून जेलरोडला वळताना
मेडिकलच्या वर आमची लॅब, दोन खोल्यांची.
सकाळी साडेसातला सुकदेव गांगुर्डे आले,
डबी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, त्यावर रबर,
जणू आत काही चोरीचं आहे.
"पहिलीच आहे. मधली धार," म्हणाले,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

पट्टी बुडवली. मिनिटभर थांबले.
साखरेचा चौकोन होता तसाच.
प्रथिनांचा पिवळा मात्र
हिरवा होत गेला, कैरीसारखा.

संध्याकाळी रिपोर्ट हातात घेतला,
आधी ट्यूबलाइटसमोर धरला,
मग तिरका केला, अंगठ्याने कड चाचपली.
चौतीस वर्षं नोट प्रेसमध्ये हेच:
खोटी नाही, चुकलेली शोधायची.

"हे निल, निल काय? नापास?"
नाही काका, इथे निल म्हणजे उत्तम.
साखर निल, रक्त निल,
पू-पेशी एक-दोन, तेवढ्या कुणाच्याही असतात.
"गंमतच. आमच्याकडे शून्यं वाढली
की किंमत वाढायची."

बोट खाली सरकलं.
प्रोटीन, पुढे दोन अधिकची चिन्हं.
"हे जास्त आहे. म्हणजे बरं ना?"

निदान सांगणं माझं काम नाही.
मी फक्त छापून देते.
तरी विचारलं, काका, प्रेस सुटताना
गेटवर झडती व्हायची?
"रोज! डबा उघडून, चपला काढून.
कोरा कागद नाही गेला बाहेर."
मूत्रपिंडातही एक गेट असतं.
कचरा सोडायचा, ऐवज आत ठेवायचा.
तुमचा ऐवज थोडा बाहेर जातोय.

खाली रिक्षावाला द्वारका, शालिमार ओरडत होता.
"फेस येतो," बऱ्याच वेळाने म्हणाले. "दिवाळीपासून.
वाटलं, हिनं फिनेल जास्त टाकलं."

एका कागदावर काही ठरत नाही.
पुन्हा तपासू. क्रिएटिनिन करू.
डॉक्टरांना दाखवा, बीपी मोजून घ्या.
रोज म्हणते मी हे, याच क्रमाने,
आज मध्येच पाणी प्यावं लागलं.

त्यांनी कागदाची घडी घातली नाही,
शर्टाच्या आत, बनियनला लावून सरळ ठेवला.
दारापाशी थबकले,
दोन्ही हात नकळत अर्धे वर,
आणि तपासायला तिथे कुणीच नव्हतं.