फटीचं माप

मांस वाळवायची खोपी बांधताना वडील
दोन फळ्यांमध्ये बोट घालून पाहायचे.
करंगळी जाते, अंगठा अडतो, एवढीच फट.
वारा आत यावा, कावळा येऊ नये.
खारा वारा नाही लागला तर मेंढी कुजते,
कावळा शिरला तर हाडंच उरतात.

माझं कामही तेच. टोर्सहाव्नमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरला गुडघे टेकून.
बेटांवरची सगळी रक्तं, नाड्या, बाळंतपणं
मागच्या बंद खोलीतल्या यंत्रात आहेत.
नावं खरवडलेली,
जन्मतारखेतलं नुसतं वर्ष ठेवलेलं.
ऑर्हूसहून टॉर्किल येतो दोन कुलुपं उघडून:
एक त्याला पाठ आहे, दुसरं फोनवर उगवतं
आणि तीस सेकंदांत मावळतं.
त्याला पाहता येतं, मोजता येतं,
उचलून नेता येत नाही.
न्यायचा प्रत्येक तक्ता माझ्या हाताखालून जातो.

आजचा तक्ता: झोपेत थांबलेली हृदयं,
बेटांनुसार.
तेरा, एकोणीस, चौदा, बावीस.
एका चौकोनात तीन.

पाचाच्या आतलं बाहेर सोडायचं नाही, असा नियम.
टॉर्किल विसरला असेल. मोठ्या गावचा माणूस,
त्याच्यासाठी तीन म्हणजे तीन.

त्या बेटावर धक्का एक, घरं अकरा.
तीन म्हणजे टपालवाला बार्दुर,
सुन्नेवाची धाकटी, सहलीहून नुकती परतलेली,
आणि माझा भाऊ हेयिन,
उद्या लवकर उठव म्हणाला होता.

हात आपोआप त्या ओळीवर गेला.
ती उघडायचा अधिकार आहे मला,
नोंद तेवढी करावी लागते:
कोणी पाहिलं, केव्हा, कशासाठी.
'कशासाठी'च्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.
खाली बंदरात फेरी लागली, सुटली.
मी काहीच लिहिलं नाही. खिडकी मिटली.

तीनच्या जागी चांदणी ठेवली.
आकाशातली नव्हे,
एंटरशेजारच्या बटणावरची.

मग टॉर्किलला लिहिलं:
हा आकडा असा जाणार नाही.
शेजारच्या बेटाचे चौदा यात मिसळ,
दोन्ही ओळींची एकच कर.
सतरा होतात.
सतरा जाऊ शकतात.

आता तो सतरांत आहे.
वारा लागेल त्याला.