चाऊसच्या घोडीला हात

बाळंतिणी आणि त्यांची बाळं, एवढाच माझा धंदा.
कंधारच्या तीन गल्ल्यांतली पाठ न् पाठ
माझ्या तळव्याला ठाऊक.
म्हणून अवज चाऊस दारात उभा राहिला
तेव्हा मी विचारलं, सुनेला कितवा महिना?
तो चपलेकडं बघत म्हणाला,
"सून न्हाई आक्का. घोडी हाय."

माळेगावच्या बाजारातून आणलेली, पंचकल्याणी, नाव रेशमा.
सहा वर्षं नवरदेव वाहिले तिनं,
हलगीवर मागच्या पायांवर उभी राहिली,
ओठांनी नोटा उचलल्या.
आता खोगीर दिसलं की दात काढते.
माशी बसली तरी अख्खं अंग थरकवते.
डॉक्टर दोनदा येऊन गेले. हाड शाबूत म्हणाले,
सुई दिली, दोन महिने काम नको म्हणाले.
कुणी डाग द्यायला सांगितलं.
लोखंड तापलंही होतं म्हणे,
पण रुकय्याबी आडवी आली:
"आधी त्या मालिशवालीला बोलवा.
चटका काय, कवाबी देता येतो."

तळ्याच्या अंगाला पत्र्याचा तबेला.
करडईचं तेल कोमट करून नेलं होतं वाटीत,
ते तसंच निवलं.
पहिल्या दिवशी तिनं मला जवळच येऊ दिलं नाही.
हौदाच्या कठड्यावर बसून मी ढाळे सोलले,
घाटे मला, मूठभर पाला तिला.

दुसऱ्या दिवशी मानेला हात.
रडतं बाळ असलं की आधी चोळत नाहीत,
नुसता तळवा ठेवतात पोटावर.
तसा ठेवला.
पापडाची लाटी पडून राहावी, तेवढंच वजन.
दाबला की मान ताठ. काढला की वळून बघे.
हात हवा होता तिला,
हाताचं म्हणणं नको होतं.

कानामागून खाली, आयाळीच्या कडेनं, बोटाबोटानं.
एका जागी पापणी लवली तिची.
मी तिथंच थांबले.
भोंग्यावर अजान झाली, निंबावरचे होले उडाले,
माझा खांदा भरून आला,
अवज काही बोलायला लागला
त्याला डोळ्यांनी दटावलं.
आणि मग तिनं जांभई दिली.
केवढी! पिवळे दात, गुलाबी टाळू, जिभेवर ढाळ्याचा पाला.
एक, मग दुसरी, मग तिसरी,
दूध पिऊन तट्ट झालेल्या पोरासारखे डोळे फिरवत.
सहा फुटी अवज चाऊस
पत्र्याला टेकून खालीच बसला.

पाठीपर्यंत पोचायला अकरा दिवस लागले.
खोगिराच्या मागच्या कडेला, डावीकडं, रुपयाएवढी जागा.
तिथं हात नेला की कातडी आधीच पळून जाई.
मग हात बोटभर वर धरला, न टेकवता.
तिला ऊब लागली का, ठाऊक नाही.
मला तिची लागली.
डॉक्टर एकदा उभं राहून बघत होते.
म्हणाले, मावशी, यात नुकसान तर काही नाही,
गुण आला तर मात्र औषधाचा, बरं का.
हसले. मीही हसले. असेलही.

अवजला विचारलं, शेवटचा नवरदेव केवढा होता?
"नव्वद किलोचा असंल. तीन तास. पुढं पुतण्या बी बसविला."
आणि खोगीर?
"अब्बाच्या वक्ताचं."
उलटं करून बघितलं.
आतली फळी तडकलेली, नेमकी तेवढ्याच जागी.
मी बोलले नाही. तोही नाही.
मागून रुकय्याबी तेवढी म्हणाली,
"आन् तुमी लोखंड तापवायला निघालते."

लोह्याच्या लग्नाची सुपारी त्यानं परत केली, दोन हजार.
नवं खोगीर अजून नांदेडहून यायचंय.
हलगी लांबून ऐकू आली
तरी ती डावा पाय उचलून धरते, अजून.

बाळंतिणीकडून परतताना मी जाते.
हाताला तेलाचा, ओव्याच्या धुरीचा वास.
ती आधी बाही हुंगते,
आज काय झालं, विचारल्यासारखी.
मुलगी, मी सांगते.
मग ती पाठ फिरवते, माझ्याकडं.