वही क्रमांक सतरा

पुण्याहून छापून आलेल्या प्रश्नावलीत
'मूत्राशयातील अस्वस्थता' असा शब्द होता.
सत्वशीला सोनकांबळे, वय एकेचाळीस,
कंडक्टर, अंबाजोगाई आगार,
म्हणाली, अस्वस्थता पुढाऱ्यांना असते, मॅडम.
मला जळू लालंय.

मी लिहिलं : जळजळ.
जळणं दिवसा, ती म्हणाली, रात्री ठणका.
आणि बर्दापूरच्या पुढं गाडी खड्ड्यात आपटली
की एक तिडीक, इथून पार मांडीपर्यंत.
रकाना एकच होता.
शून्य ते दहा, एका आकड्याला गोल करा.
तिनं पेन धरून ठेवलं बराच वेळ.
सगळ्या गावांना एकच तिकीट आहे का तुमच्यात?
मग आठला गोल केला, दोनदा.

घरी नेलं मापाचं भांडं, पाचशे मिलीचं,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
तीन दिवसांनी वही आली :
चाळीस. पंचावन्न. चाळीस. तीस.
रात्रीत अकरा वेळा, मिनिटासकट वेळ,
पानाच्या तळाशी बेरीज,
बेरजेखाली दोन रेघा, हिशेब देताना मारतात तशा.
बेरीज कुणी मागितलीच नव्हती.

ड्यूटीवर ती पाणी पीत नाही.
तरीही लागतेच.
मग ड्रायव्हर मुख्तारभाई माळावर, बाभळी बघून,
गाडी बाजूला घेतात,
बॉनेट उघडून ओरडतात,
रेडिएटर तापलाय, पाच मिनिटं!
आणि तिच्याच बाटलीतलं पाणी ओततात
न तापलेल्या इंजिनात.

डबे पांढरे, सगळे सारखे.
काहींत औषध, काहींत नुसती खडूसारखी गोळी.
कुठल्यात काय, मला ठाऊक नाही,
डॉ. इनामदारांनाही नाही.
कुणाला तरी असेलच की, ती म्हणाली.
असतं, एका बंद लिफाफ्याला.
तिनं संमतीपत्रावर सही केली,
लिफाफ्याचा स्वभाव बरा असू दे म्हणाली.

बारा सोमवार मी फोन केला.
आठ. आठ. सात. सात.
सहा, जरा थांबून.
पाच.
पाच आल्यावर मी खोली नंबर नऊमध्ये
एकटीच हसले, आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

शेवटच्या भेटीला रिकामा डबा परत करून
ती उठलीच नाही.
खरं सांगू? आठच होतं, मॅडम. सगळे सोमवार.
पण तुम्ही इतक्या मायेनं विचारता,
दर वेळी आठ कसं म्हणायचं एखाद्या माणसाला?

रात्रभर मला ते पाच दिसत राहिले.
सकाळी डॉक्टर म्हणाले, जसंच्या तसं नोंदवा.
आणि भीड दोन्ही डब्यांत सारखीच पडते,
म्हणून तर डोळे बांधून घ्यायचे आपण.
खरं होतं ते.
मला मात्र माझ्याच आवाजाचा संशय येऊ लागला :
कितीजणींच्या कळा मी
नुसत्या गोड बोलण्यानं खाली आणल्या असतील,
कागदावर.

आठ महिन्यांनी लिफाफा उघडला.
औषधाचा गट दोन पूर्णांक तीननं उतरला,
खडूचा दोन पूर्णांक एकनं.
मधलं अंतर नखाएवढं,
त्याला काही अर्थ नाही असं गणित सांगतं.
सत्वशीलाच्या डब्यात औषध होतं.

नव्या अभ्यासात मी फोन करत नाही.
बाया आपापल्या खोलीत, दार लावून,
आपला आकडा आपणच लिहितात.
मी बाहेर बाकावर बसते, तोंड मिटून.

काल सोमवार होता.
कुणी विचारलं नव्हतं, तिनंच फोन लावला.
नऊ, म्हणाली, आज खरंखुरं नऊ.
मी म्हटलं, बरं.
दुसरा शब्दच सुचला नाही.
मागं वारा होता, माणसांची कुजबुज,
आणि मुख्तारभाई कुणाला तरी दटावत होते :
रेडिएटर तापलाय म्हटलं ना. पाच मिनिटं.