उणे एकतीस

पहाटे सहा दहाला गाडी आपणहून जागी होते.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघते,
काचेवरचं बर्फ कडेकडेने सुटत जातं,
जुन्या जखमेची खपली निघावी तसं.
मी अजून मोजेच शोधतेय.

नोव्हेंबरात घेतली. विकणारा मुलगा म्हणाला, चारशे किलोमीटर.
त्याने उन्हाळा गृहीत धरला होता,
आणि मी त्याचा शब्द.
शेजारचा ओडमुंड कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला,
"बॅटरी म्हणजे कोकरू, गुनव्होर. थंडीत घरात घ्यावं."
मग आपल्या डिझेलला किल्ली मारत बसला, तीनदा,
आणि चौथ्यांदा माझ्याकडे न बघता.

टिन्सेट ते रोरोस, बावन्न किलोमीटर.
सोबतीला ग्लोमा नदी, गोठून जागच्या जागी.
पळतो तो फक्त आकडा:
टोल्ग्याला चौऱ्याहत्तर टक्के, ओसला एकसष्ट.
महिनाअखेर पाकीट उघडावं
तशी मी त्याच्याकडे बघते, एका डोळ्याने.
मग हीटर बंद.
पाठीखाली आसनाची तेवढी ऊब,
आणि आईने विणलेले हातमोजे,
ज्यांत अंगठ्याची जागा कधीच नीट जमली नाही.
श्वास काचेवर साचतो, मी बाहीने पुसते.

मी कान तपासते. तो माझा धंदा.
तांब्याच्या खाणीत उमेद घालवलेले म्हातारे
हेडफोन लावून समोर बसतात.
ऐकू आलं की बटण दाबायचं.
काहीजण काहीच वाजत नसताना दाबतात.
मी कागदावर बारीक शून्य काढते.

जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, टोल्ग्याच्या अलीकडे,
रस्त्यात एल्क उभी होती.
जुनी गाडी तिला अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू यायची,
जंगलात शिरायला भरपूर वेळ मिळायचा.
ही आली ती थेट तिच्या पुढ्यात.
मी थांबले. ती हलली नाही.
पंखा बंद, रेडिओ बंद, उणे एकतीस.
तिचे कान फिरले,
एक माझ्याकडे, एक झाडांकडे.
आणि तेव्हा मला ऐकू आलं:
बारीक, उंच, न थांबणारं,
तारेवरून कोणी नख ओढत न्यावं तसं.
काहीतरी बिघडलं म्हणून मी गाडी पार बंद केली.
वाजतच होतं.
दार उघडलं, थंडी नाकातल्या केसांत कडकडली.
वाजतच होतं, डावीकडे जास्त.

सहा हजार हर्ट्झच्या आसपास. मला कळतं ना.
बावीस वर्षं डिझेलच्या खडखडाटाखाली
हे माझ्याच डोक्यात बिऱ्हाड करून होतं,
भाडं न देता.

एल्क गेली. तिला कसली घाई नव्हती.

पहिला पेशंट अर्विद, वय ब्याऐंशी.
काहीच वाजत नसताना त्याने बटण दाबलं.
पेन कागदावर टेकवून मी तशीच थांबले.
विचारलं, "कुठल्या बाजूला?"
तो इतका दचकला की हेडफोन गळ्यात आला.
"डावीकडे," म्हणाला. "रात्री जास्त.
बायकोला वाटायचं फ्रिज. दोन फ्रिज बदलले आम्ही."

संध्याकाळी चव्वेचाळीस टक्के.
चार्जिंगचं झाकण गोठलेलं, केबल काठीसारखी ताठ.
दिव्याखाली दोन्ही तळवे झाकणावर ठेवून उभी राहिले,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसे, फक्त उलट कारणासाठी.
येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

तासाभराने आत येऊन बसले, गाडी सुरू केली.
ओडमुंडचा फोन.
"निघालीस का? गाडी चालू तरी आहे?
इकडे काहीच ऐकू येत नाहीये."
"चालू आहे," मी म्हणाले,
आणि फोन उजव्या कानाला लावला.