चाळीस ग्रॅम

पहाटे तीनला घाऊक बाजारात
मी संत्र्यांची खोकी तळापासून उपसते.
वरचा थर सगळ्यांचाच देखणा असतो.
रताळं नखानं टोकरून, फ्लॉवर उलटा करून.
हमाल रुबेन म्हणतो, झुल्मा,
तू भाजी घेत नाहीस, जबानी घेतेस.
घेतेच.

जुलैचा गारठा. मोन्तेविदेओच्या या टोकाला,
सेर्रोच्या उतारावर,
शटरचं लोखंड बोटांना चिकटतं.
पालकाच्या जुड्या झटकायच्या,
टोमॅटो देठ खाली करून बसवायचे,
लाल भोपळा आरीनं कापायचा,
सुरीचं त्याच्यापुढे काही चालत नाही.
मग खडूनं भाव.
केळ्यांचा भाव दुपारी पुसून परत लिहायचा,
ठिपक्यांशी घासाघीस करता येत नाही.

साडेसातला ओफेलिया.
तिला एकच कांदा हवा असतो,
त्यासाठी अकरा कांदे हाताळते.
मग रात्रपाळीहून अमिल्कार,
बगलेत थर्मास, हातात येर्बा-चहाचा तुंबा.
घोड्यासाठी गाजरं घेतो, वहीत लिही म्हणतो.
घोडा मार्चमध्ये मेला.
गाजरं चालू आहेत. मी विचारत नाही.

निघताना प्रत्येकाच्या पिशवीत
पार्सलीची एक जुडी, फुकट.
ही बाबांची रीत.
अर्ध्या वस्तीच्या सुपात एलादिओचीच पार्सली.
त्यांना पुरून परतताना माणसं म्हणत होती,
हात सैल होता हो त्याचा.

मंगळवारी काटा पुसायला खाली उतरवला.
तबकडीचा, बाबांच्याही आधीचा.
रिकाम्या पारड्यालाही त्याची सुई
शून्याच्या जराशी पुढे झुकलेली असायची.
म्हातारपण, म्हणायचे सगळे. मीही म्हणायचे.
पारड्याच्या पोटाला, खालून,
डाग देऊन बसवलेला शिशाचा तुकडा,
चेपलेल्या सुपारीएवढा.
छिन्नीनं काढला. पलीकडच्या औषधांच्या दुकानात
त्यांच्या नाजूक काट्यावर ठेवला.
चाळीस ग्रॅम.
मुलगी म्हणाली, आणखी काही देऊ?

मापात पाप.
दुकानात परत येऊन पुठ्ठ्यावर हिशेब मांडला:
चाळीस गुणिले दिवसाची शंभर तोलणी
गुणिले वर्षाचे तीनशे दिवस.
बाराशे किलो.
पुढे किती वर्षांनी गुणायचं
ते कळेना, पेन्सिल ठेवून दिली.

कुणी लावला?
काटा विकणाऱ्यानं? आजोबांनी,
एखाद्या वाईट हिवाळ्यात?
आणि बाबा नुसतेच
त्याला हात न लावता तोलत राहिले?
लहानपणी मी विचारलं होतं,
पार्सली फुकट का देता.
फुकट नाही ती, म्हणाले होते.
मला वाटलं, गंमत करताहेत.

काल एक जुडी पारड्यात ठेवून पाहिली.
अडतीस.
दुसरी, त्रेचाळीस.
तिसरी ठेवली नाही.

शिसं आता गल्ल्यात पडून आहे, नाण्यांमध्ये,
सुटे देताना बोटाला लागतं.
सुई शून्यावर सरळ उभी राहते,
इतकी सरळ की परकी वाटते.
आज ओफेलियानं कांदा तोलताना
आधी सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"यंदा कांदे हलके निघालेत," ती म्हणाली.
"पाऊस कमी झाला," मी म्हटलं,
आणि जुडी पिशवीत कोंबली.
तिनं ती बाहेर काढली, हुंगली,
परत ठेवली. रोजच्यासारखीच.

शटर ओढण्याआधी उधारीची वही काढली.
अमिल्कारच्या दोन पानांवर
आडवी रेघ मारली.
मग बाकीची पानं
उलटत बसले उभ्यानंच, एकेक नाव,
आणि बटाट्यांना कोंब आले होते
ते खुडायचे राहून गेले.