रानपिंगळा आणि गाडीची किल्ली

दुर्बीण भुसावळला फ्रिजवरच राहिली
हे खिरोद्याला कळलं.
"राहू दे ताई," मेहुणे म्हणाले, "डोळे आणलेत ना?"
आणि खिसे चाचपू लागले.
त्यांचा चष्मा दुर्बिणीशेजारीच होता.

पालच्या विश्रामगृहात माकडांनी
आमच्यादेखत वेफरची पिशवी फोडली.
केळी त्यांना नवी नाहीत,
पण तिखट-मीठ लावलेली पहिल्यांदाच मिळाली असावी.
खाऊन झाल्यावर एकीने माझ्याकडे पाहिलं,
हॉटेलात पोऱ्याकडे पाणी मागताना बघतात तसं.

दुपारी बुटाचा तळ सुटला.
सुभान तडवीने वाकून पाहिलं. हसला नाही.
जीपच्या टपावरचं केळीचं सोपट सोडून
बूट असा आवळला
की माझा उजवा पाय तेवढा
सावद्याच्या बाजाराला निघालाय, असं वाटत राहिलं.

रात्री पाणवठ्यावर मचाण. वैशाखी पुनव.
मेहुण्यांचं आडनाव झोपे.
आठ वाजले आणि ते आडनावाला जागले.
अस्वल आलं नाही. सांबर आलं नाही.
एक रानडुक्कर आलं,
मचाणाखाली कान देऊन बराच वेळ उभं राहिलं,
गावाकडचं कुणी बोलतंय जणू.
वहीत लिहिलं: रानडुक्कर, एक.
डासांचा आकडा इंदूने खोडला.

सकाळी गाडीची किल्ली हरवली.
इंदू, मी, मेहुणे, सगळे ओणवे;
सागाचा पाचोळा उडदाच्या पापडासारखा मोडतोय,
कोण कुणावर ओरडतंय याचा हिशेब नाही,
मेहुणे चष्म्याशिवाय प्रत्येक काटकी उचलून
"ही का?" म्हणतायत,
तेवढ्यात सुभानने माझ्या खांद्याला
काठीचं टोक हलकेच लावलं.

वर. बोडक्या फांदीवर.
ओंजळीएवढा, राखी, डोक्यावर ठिपका नाही,
भर उन्हात बसलेला,
तोंडात सरडा, आणि शेपूट
डावी-उजवीकडे, घाई असल्यासारखी.

रानपिंगळा.
शंभरावर वर्षं कुणाला दिसला नव्हता म्हणे,
संपला असंच धरून चालले होते शहाणे लोक.
सुभान कुजबुजला,
"आमच्या आजाले रोज दिसे.
त्याले कोनी इचारलंच नई."

अकरा फोटो काढले.
अकराही फोटोंत माझा अंगठा आहे.
नवव्यात कोपऱ्याला थोडी शेपूट येते.
इंदू म्हणते, ते पान आहे.
मेहुण्यांना विचारलं तर म्हणतात, काय सुंदर होता!
ते त्या वेळी भलत्याच झाडाकडे बघत होते,
मी कुणाला सांगितलेलं नाही.

केळीच्या ट्रकातून घडांवर हात ठेवून
आम्ही सावद्याला उतरलो.
उजवा पाय आधीच तयार होता.

गाडी नंतर दुसऱ्या किल्लीने आणली.
पहिली तिथेच आहे, सागाखाली कुठेतरी.
दिसत असेल कुणाला तरी, रोज.