देयक क्रमांक एकशे सतरा

कुडचड्यात, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
मी माणसांचे चेहरे दुरुस्त करते.
खाली कुणी खोकल्याचं औषध मागतं,
वर मी कुणाच्या तरी आजोबांच्या कोटावरची
बुरशी काढत असते, एकेक ठिपका.

पैसे मागणं मला जमत नाही,
तोंड सुकतं. म्हणून ही सोय केली:
देयक यंत्र पाठवतं, खाली निळं बटण,
दाबलं की पौंड निघतात,
दोन-तीन दिवस कुठेतरी मुक्काम करतात,
वाटेतल्या दलालाला हिस्सा देऊन
रुपये होऊन खात्यात उतरतात,
कुणाच्या हाताचा वास नसलेले.

मामाला हे कळलं नसतं.
त्याचा स्टुडिओ स्टेशनसमोर.
अर्धे आगाऊ, अर्धे फोटो नेताना.
न नेलेल्या पाकिटांनी बिस्किटांचा डबा भरला,
तरी तो फेकायचा नाही.
बुडालं की रे, कुणी म्हणालं तर म्हणायचा,
"पैशांचं सोड. दुसऱ्याचं थोबाड
विकत घेणार कोण?"

एकशे सतरा नंबर इनासियो बार्रेटोंचा.
मूळचे सांग्याचे, आता स्विंडनला,
गोदामात रात्रपाळी.
आईचा एकच फोटो, भिंतीच्या ओलीनं खाल्लेला.
डावा डोळा गेलेला.
पुसट नव्हे, गेलेला.
मी विचारलं, तिच्यासारखं कुणी दिसतं का घरात?
त्यांनी पिवळ्या जाकिटातला स्वतःचा फोटो धाडला:
"लोक म्हणटात, आवयचे दोळे म्हाका आयल्यात."
मी तो डोळा उचलला, लहान केला,
तीस वर्षांचं जागरण पुसलं
आणि आईला बसवला.

बिलात काय लिहायचं?
डोळा, नग एक?
'डिजिटल सेवा' लिहिलं. पंचेचाळीस पौंड.
परदेशी पैशाला हेतू लागतो,
यादी लांबलचक: सल्ला, संगणक, जाहिरात.
मी 'इतर'वर बोट ठेवलं.
सोबत नमुना, अंगठ्याच्या नखाएवढा,
त्यावर आडवंतिडवं माझं नाव छापून,
पैसे येण्याआधी कुणी पळवू नये म्हणून.

पाठवले.
पाहिले.
पाहिले. पाहिले.
यंत्र चहाडखोर आहे, वेळसुद्धा सांगतं:
आपले पहाटेचे पावणेचार,
तिकडे रात्रीचे सव्वादहा.
चौदा वेळा उघडलं, बटण एकदाही नाही.
मी चिडले, खोटं कशाला सांगू.
भाडं पाच तारखेला, विजेचं वेगळं.
यंत्र म्हणालं, स्मरणपत्र पाठवू?
तीन तऱ्हा आहेत: नम्र, ठाम, शेवटचं.

'ठाम' निवडलं. मग नजर पुन्हा त्या वेळांवर गेली.
पाळीला निघण्याआधी. जेवणाच्या सुट्टीत.
सकाळी परतल्यावर.
थकबाकी कुणी अशी रोज तीनदा उघडत नाही.
माणूस नखाएवढा चेहरा बघायला येत होता,
माझ्या नावाच्या जाळीआडून.

स्मरणपत्र.
कुणाला, आणि कशाचं?

रक्कम तशीच ठेवली, मी काही संत नाही.
फक्त आईच्या तोंडावरून माझं नाव उचललं
आणि फोटो पुरता मोठा करून पाठवला.

पाहिले.
मग काहीच नाही. आठवडा, दुसरा आठवडा.
उघडायची गरज संपली होती, आणि मी
मामाच्या डब्याचा विचार करत
दुसऱ्या कुणाची मुंडावळ जुळवत होते.

बाविसाव्या दिवशी वीस पौंड आले.
पगार झाला असावा.
यंत्राला हे आवडत नाही, ते लाल अक्षरांत म्हणतं:
अंशतः चुकते. पंचवीस बाकी. स्मरणपत्र?
नको म्हणते.

खाली कुणीतरी सुटे नाहीत म्हणून
गोळ्यांची अर्धीच पट्टी कापून मागतं.
अख्खी ने, दुकानदार म्हणतो,
राहिलेले सांजेला आणून दे.